सेट चालू आहे, पण लोड घेत नाही

मेन सप्लाय जातो. दहा-बारा सेकंदांत जनरेटर सुरू होतो, इंजिनाचा आवाज स्थिरावतो, मीटरवर तिन्ही फेज पूर्ण दिसतात. आणि बस, म्हणजे जिथून सगळ्या लोडला वीज वाटली जाते ती पट्टी, डेडच राहते. मोठं रुग्णालय असो, डेटा सेंटर असो, पंपघर असो की कारखान्याचं सबस्टेशन, हा प्रकार घडला की पहिल्या मिनिटात दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी रिसेट दाबतं आणि कुणीतरी सिलेक्टर मॅन्युअलला फिरवून ब्रेकर हाताने लावतं. दुसरी गोष्ट बहुतेक वेळा योग्यच असते, कारण लोड खोळंबलेला असतो. अट एकच, लॉकआउट रिले, म्हणजे फॉल्टनंतर ब्रेकर पुन्हा लागू न देणारा रिले, पडलेला नसावा. तो पडला असेल तर बसवरच फॉल्ट असण्याची शक्यता आहे, आणि हाताने लावलेला ब्रेकर जनरेटरला सरळ त्या फॉल्टवर नेऊन घालतो. रिसेटने मात्र पुरावा पुसला जातो. रिलेचे फ्लॅग, कंट्रोलरच्या पडद्यावरचा संदेश, कुठला दिवा लागला होता आणि कुठला नव्हता, हे सगळं त्या एका दाबात जातं. मोबाइलवर चार फोटो काढायला वीस सेकंद लागतात. पॅनलचा दर्शनी भाग, रिले, सिलेक्टर स्विच आणि डीसी व्होल्टमीटर. नंतरचे चार तास त्या वीस सेकंदांवर अवलंबून असतात.

मग दोष ठरवायला सुरुवात होते आणि पहिलं बोट चेंजओव्हरकडे, म्हणजे लोड मेनवरून जनरेटरवर आपोआप नेणाऱ्या स्विचकडे (एटीएसकडे) जातं. एटीएस बदला, कंट्रोलर बदला, कार्ड मागवा. हे बहुधा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं असतं. निर्णय घेणारं यंत्र सहसा चुकत नाही. त्याला मिळालेल्या माहितीवर त्याने घेतलेला निर्णय बरोबरच असतो, माहिती खोटी असते. किंवा निर्णयही बरोबर असतो आणि माहितीही, पण हुकूम ज्याच्याकडे गेला त्याच्या हातापायांत बळ नसतं. म्हणून ‘चाललं का नाही?’ या प्रश्नापेक्षा ‘कशाची वाट पाहत थांबलं?’ हा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. स्वयंचलित बदल म्हणजे परवानग्यांची माळ आहे. मेन गेला हे कळलं पाहिजे, तो खरंच गेला याची खात्री होईपर्यंत टायमर संपला पाहिजे, सेटला सुरू होण्याचा हुकूम पोचला पाहिजे, सेटचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी मान्य झाली पाहिजे, मेनचा ब्रेकर उघडला पाहिजे, तो उघडल्याची पोच आली पाहिजे आणि मग जनरेटरचा ब्रेकर लागला पाहिजे. यातलं कुठलं पाऊल शेवटचं पूर्ण झालं, ते आधी शोधायचं. त्याच्या पुढच्या पावलातच दोष असतो. आधीच्या पावलांची साधनं उघडून बसण्यात काहीच हशील नाही.

पॅनलला हात लावण्याआधी एक सूचना. एटीएसच्या पेटीत दोन सप्लाय येतात, एक बंद केला म्हणजे पेटी डेड होत नाही. इंजिन ऑटोला असेल तर ते कधीही फिरू शकतं. सिलेक्टर ऑफ, मग बॅटरी चार्जर बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सुटी, या क्रमाने जायचं आणि कुलूप घालायचं. सीटीची (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी चालू लोडवर उघडायची नाही, टेस्ट ब्लॉकवर आधी शॉर्ट करायची. हे सगळ्यांना माहीत असतं. रात्री दोन वाजता, वर कुणीतरी फोनवर ओरडत असताना, तेवढं माहीत राहत नाही.

आता पहिलं पाऊल. मेन गेला हे यंत्राला कसं कळतं? व्होल्टेजवरून. साधारण सेटिंग असं असतं की ८५ टक्क्यांखाली सप्लाय नापास आणि ९० टक्क्यांवर आला की पुन्हा पास. दोन आकड्यांमधलं हे अंतर कुणीतरी ‘अचूकपणा’ म्हणून कमी करतं आणि नवंच दुखणं सुरू होतं. लोड असताना मेनचं व्होल्टेज खाली बसतं, लोड जनरेटरवर गेला की मेन हलका होऊन वर येतं, यंत्राला सप्लाय सुधारला असं वाटतं, लोड परत येतो आणि व्होल्टेज पुन्हा बसतं. एटीएस दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत राहतो. स्विचमध्ये काहीच बिघाड नसतो. दोष असतो त्या दोन-तीन टक्क्यांच्या फटीत.

उलट तक्रारही येते. वीज क्षणभर डोलली, अर्धा कारखाना बंद पडला आणि एटीएस ढिम्म. इथे एटीएसने बरोबरच केलं. सेट सुरू करण्याआधी एक ते तीन सेकंद थांबायचं, असंच त्याला शिकवलेलं असतं, नाहीतर प्रत्येक झटक्याला इंजिन सुरू होईल. पण ज्या कॉन्टॅक्टरांवर मोटारी चालतात, ते नियंत्रण व्होल्टेज ७५ ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात कुठेही सुटू शकतात. आंतरराष्ट्रीय मानकच तसं सांगतं. त्यामुळे एखादा कॉन्टॅक्टर ७० टक्क्यांना सुटतो, शेजारचा ४० पर्यंत धरून राहतो. पाव सेकंदाची डुबकी त्यांना पुरेशी असते. याचा इलाज चेंजओव्हरमध्ये नाही. तो कॉन्टॅक्टरच्या नियंत्रण सप्लायमध्ये किंवा मोटार पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरमध्ये आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं या तक्रारीत नेहमी होतं.

खोट्या माहितीचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे पीटीचा (व्होल्टेज मोजायच्या ट्रान्सफॉर्मरचा) उडालेला फ्यूज. बसवर पूर्ण व्होल्टेज आहे, मोटारी चालू आहेत, पण रिलेच्या टर्मिनलवर काही नाही. रिले म्हणतो, मेन गेला, आणि धडधाकट बस उचलून दुसरीकडे टाकतो. म्हणून फक्त ‘व्होल्टेज नाही’ एवढ्यावर बदल होऊ देऊ नये. व्होल्टेज नाही आणि करंटही नाही, अशी जोडी लागते. एखाददुसरा फ्यूज गेला तर व्होल्टेज असंतुलित आणि करंट मात्र संतुलित दिसतो, त्यावरून फ्यूज गेल्याचं ओळखता येतं. पीटीचा एमसीबीच (फ्यूजच्या जागी असलेला छोटा ब्रेकर) पडला तर तिन्ही फेज एकदम जातात आणि असंतुलन दिसतच नाही. त्यासाठी एमसीबीचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट, म्हणजे तो लागलेला आहे की पडलेला हे सांगणारा कॉन्टॅक्ट, रिलेपर्यंत आणावा लागतो. ही एक वायर अनेक पॅनलांत ड्रॉइंगवर असते, प्रत्यक्षात नसते.

याहून वाईट दोष म्हणजे तीनपैकी एक फेज जाणं. मोटारी फिरत असतील तर तुटलेल्या फेजवर त्या स्वतःच व्होल्टेज तयार करून ठेवतात. ट्रान्सफॉर्मरची डेल्टा-स्टार जोडणीही तेच करते. परिणामी मोजणाऱ्याला तिथे ८०-९० टक्के व्होल्टेज दिसू शकतं आणि अंडरव्होल्टेज रिले समाधानी राहतो. मोटारी मात्र तापत असतात. अमेरिकेतल्या बायरन अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये ३० जानेवारी २०१२ रोजी यार्डातला एक इन्सुलेटर तुटला आणि बाहेरून येणाऱ्या सप्लायचा एक फेज उघडा पडला. बसवरचे अंडरव्होल्टेज रिले ‘दोघांनीही सांगितलं तरच’ या तर्कावर जोडलेले होते. त्यातला एक ज्या दोन फेजमध्ये बसवलेला होता, तिथलं व्होल्टेज शाबूत होतं. म्हणजे यंत्रणेच्या हिशोबाने सप्लाय होताच. डिझेल जनरेटर तयार असूनही बसवर आले नाहीत. सुमारे आठ मिनिटांनी ऑपरेटरांनी हाताने ब्रेकर उघडले, मग जनरेटर आपोआप सुरू झाले आणि त्यांनी लोड घेतला. त्यानंतर नियामक आयोगाने देशातल्या सगळ्याच केंद्रांना याच दोषाबद्दल विचारणा केली. मोटारींचा लोड जास्त असलेल्या कुठल्याही ठिकाणी नुसता अंडरव्होल्टेज रिले पुरत नाही, निगेटिव्ह सिक्वेन्सवर, म्हणजे तीन फेजमधल्या असमतोलावर, चालणारा असंतुलन रिले लागतोच. तो लावल्यावर तपासायची पद्धत सोपी आहे. रिलेच्या टर्मिनल ब्लॉकवर, लोड दुसरीकडे असताना, एक फेज काढायचा आणि ठरलेल्या वेळेत तो बोलतो का ते बघायचं. तिन्ही फेज काढून केलेली चाचणी हा दोष कधीच दाखवत नाही.

दुसरं पाऊल, सेट सुरू होण्याचं. इथे बॅटरीवर सगळ्यांचा संशय असतो आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. २४ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२ सेल असतात, प्रत्येकी सव्वादोन व्होल्टच्या हिशोबाने फ्लोट व्होल्टेज, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारं चार्जरचं व्होल्टेज, २७ च्या आसपास हवं. पण चार्जर जोडलेला असताना २७ दिसणं म्हणजे चार्जर चांगला आहे एवढंच. बॅटरीची तब्येत स्टार्टर फिरताना कळते. १२ व्होल्टची बॅटरी लोड टेस्टमध्ये, म्हणजे तिच्या क्रँकिंग क्षमतेच्या निम्मा करंट १५ सेकंद घेतल्यावर, ९.६ च्या खाली गेली की ती बदलायची. २४ च्या संचात दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळं मोजायचं, कारण बेरीज ठीक दिसत असताना एक मेलेली असू शकते. आणि मोजताना मीटरचे टोक एकदा बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि एकदा केबलच्या लगवर ठेवायचे. दोन्हींत फरक आला तर बॅटरी चांगली आणि लग सैल किंवा गंजलेला, असा तो हिशोब आहे.

स्टार्टर फिरलाच नाही तर गोष्ट वेगळी. एटीएसपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या दोन तारा कधीकधी शंभर-दीडशे मीटर लांब असतात, वाटेत तीन जंक्शन बॉक्स असतात आणि त्यातल्या एकात पाणी असतं. इंजिनच्या कंट्रोलरवर त्या दोन टर्मिनलांना जम्पर मारून सेट सुरू झाला, तर दोष तारेत किंवा एटीएसच्या कॉन्टॅक्टमध्ये आहे. नाही झाला, तर कंट्रोलर ऑटोला आहे का, इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवला आहे का, मागचा अलार्म रिसेट व्हायचा राहिला आहे का. ‘सेट ऑटोला होता का?’ हा प्रश्न विचारला की लोकांना राग येतो. तरीही विचारावा. मागच्या सर्व्हिसिंगनंतर सिलेक्टर ऑफला राहून गेला, हे कारण इतक्या वेळा निघतं, की त्या स्विचची ‘ऑटोला नाही’ अशी सूचना मुख्य नियंत्रण कक्षात गेलीच पाहिजे, नुसता पॅनलवरचा दिवा पुरत नाही.

तिसरं पाऊल. सेट चालू, पण एटीएस म्हणतो, अजून मान्य नाही. सर्वसाधारण अट ९० टक्के व्होल्टेज आणि ९५ टक्के फ्रिक्वेन्सी अशी असते, म्हणजे ५० हर्ट्झच्या यंत्रणेत ४७.५. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर डोलत असेल, इंधनात हवा असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर फ्रिक्वेन्सी मर्यादेच्या वर-खाली होत राहते आणि दर वेळी मान्यतेचा टायमर शून्यापासून सुरू होतो. मीटरवर नजर टाकणाऱ्याला सरासरी दिसते आणि सगळं ठीक वाटतं. मीटरची कमाल-किमान नोंद चालू करून एक मिनिट ठेवलं की डोलणं पकडता येतं. फेजचा क्रम हाही इथलाच मुद्दा. केबल बदलल्यानंतर किंवा अल्टरनेटरचं काम झाल्यानंतर दोन फेज आलटून-पालटून जोडले गेले, तर चांगला कंट्रोलर बदल नाकारतो आणि साधा कंट्रोलर सगळे पंप उलटे फिरवतो. नाकारणाऱ्याला लोक शिव्या देतात.

आता मुख्य ठिकाणी येऊ. हुकूम निघाला, ब्रेकर लागला नाही. माझ्या मते शोधाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाही हवा, कारण इथला दोष येतो-जातो. दिवसा दहा वेळा नीट लागणारा ब्रेकर अकराव्या वेळी रुसतो.

क्लोजिंग कॉइलला नियंत्रण व्होल्टेजच्या ८५ टक्के तरी लागतं, ट्रिप कॉइल डीसीवर ७० टक्क्यांपर्यंत काम करते. हे आकडे मानकातले आहेत आणि त्यांचा व्यावहारिक अर्थ असा, की दमलेल्या डीसी बॅटरीवर ब्रेकर उघडेल पण लागणार नाही. ११० व्होल्टच्या डीसीत ८५ टक्के म्हणजे ९३.५. बॅटरीच्या खोलीत १०५ असतील, पण लांब आणि बारीक केबलमधून कॉइलपर्यंत पोचताना, तेही करंट वाहत असताना, किती उरतात? हे व्होल्टेज कॉइलच्या टर्मिनलवर, प्रत्यक्ष क्लोज देताना मोजावं लागतं. नुसतं उघड्या सर्किटवर मोजलं, तर कुजलेल्या जोडातूनही मीटर पूर्ण ११० दाखवतो, कारण मीटर करंट घेतच नाही. कॉइलने करंट मागितला की तोच जोड सगळं व्होल्टेज गिळून टाकतो.

परवानग्यांच्या माळेतला तुटलेला मणी शोधायची पद्धत जुनीच आहे आणि अजून तिला तोड नाही. मीटरचं एक टोक डीसी निगेटिव्हवर पक्कं धरायचं आणि दुसरं पॉझिटिव्हपासून एकेका कॉन्टॅक्टच्या पुढे न्यायचं. सिलेक्टरच्या पुढे ११०, लॉकआउटच्या पुढे ११०, मेन ब्रेकरच्या ऑक्झिलरीच्या पुढे शून्य. सापडला. पण हे सगळं ती परिस्थिती जिवंत असताना करायचं असतं. मेन परत आल्यावर तोच कॉन्टॅक्ट उघडा असणंच बरोबर असतं, मग शून्य दिसलं त्याचा अर्थ काहीच नाही. म्हणून ब्रेकर टेस्ट पोझिशनला रॅक करून (म्हणजे बसपासून बाहेर ओढून), नियंत्रण सप्लाय ठेवून, मेन गेल्याची स्थिती मुद्दाम निर्माण करावी लागते.

मेन ब्रेकरचा तो ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट हा या सगळ्या खेळातला छुपा नायक आहे. ब्रेकर उघडतो, डोळ्यांना उघडलेला दिसतो, पण ‘उघडलो’ असं सांगणारा कॉन्टॅक्ट काळवंडलेला असतो. जनरेटरचा ब्रेकर परवानगीची वाट बघत बसतो. जुन्या रिलेच्या पॅनलात ११० व्होल्टचा करंट कॉन्टॅक्टवरचा थर जाळून टाकायचा. आता तोच कॉन्टॅक्ट पीएलसीच्या (नियंत्रणाचे निर्णय घेणाऱ्या छोट्या संगणकाच्या) २४ व्होल्टच्या इनपुटला जोडलेला असतो आणि त्यातून फक्त काही मिलिअँपिअर वाहतात. तेवढ्याने थर जळत नाही, वाढतो. नूतनीकरणानंतर पाच-सहा वर्षांनी जे ‘अधूनमधून’चे दोष सुरू होतात, त्यांच्या मागे बऱ्याचदा हेच असतं. सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट घेणं हा एक उपाय, दोन कॉन्टॅक्ट समांतर जोडणं हा दुसरा. पुसून परत लावणं हा उपाय नाही, ती मुदतवाढ आहे.

अंडरव्होल्टेज कॉइलचा, म्हणजे व्होल्टेज नसेल तर ब्रेकर लागू न देणाऱ्या कॉइलचा, घोळ वेगळा. जनरेटरच्या ब्रेकरची ही कॉइल बऱ्याच ठिकाणी जनरेटरच्याच व्होल्टेजवर असते. ८५ टक्के मिळाल्यावर ती ब्रेकरला लागू देईल याची खात्री असते, ३५ टक्क्यांखाली ती लागूच देत नाही. पीएलसीने घाई केली आणि कॉइल उचलायच्या आधीच क्लोजचा हुकूम दिला, तर यंत्रणा रिकामी आपटते, स्प्रिंग सुटते, ब्रेकर लागत नाही. इथपर्यंत ठीक, दुसऱ्यांदा प्रयत्न करता आला असता. पण पीएलसीने हुकूम धरून ठेवलेला असतो आणि ब्रेकरमधला अँटी-पंपिंग रिले म्हणतो, हा जुनाच हुकूम आहे, तो सोडून पुन्हा दिल्याशिवाय मी हलणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि बस डेड. लक्षण असं, की सिलेक्टर एकदा मॅन्युअलला नेऊन परत ऑटोला आणला की सगळं चालतं, आणि मग ‘आपोआप दुरुस्त झालं’ अशी नोंद वहीत पडते. उपाय दोन ओळींचा आहे. व्होल्टेज मान्य झाल्यावर एक-दोन सेकंद थांबून क्लोज द्यायचं, आणि हुकूम धरून न ठेवता एका सेकंदाचा ठोका द्यायचा. लागला नाही तर स्प्रिंग चार्ज होऊ द्यायची आणि फक्त एकदा पुन्हा प्रयत्न करायचा.

स्प्रिंगवरून आठवलं, तिची मोटार कुठल्या सप्लायवर आहे ते बघावं. ती मेनच्या एसीवर असेल तर मेन गेल्यावर ब्रेकरकडे एकदाच लागण्याइतका जोर शिल्लक असतो. पहिला बदल यशस्वी होतो. दहा मिनिटांत वीज आली-गेली, की दुसरा फसतो. चाचणीत सहसा एकच बदल केला जातो, त्यामुळे हे कधी उघडकीला येत नाही.

डीसीच्या अर्थ फॉल्टकडेही लक्ष हवं. ११० व्होल्टची डीसी जमिनीपासून अलग असते तेव्हा पॉझिटिव्ह ते अर्थ आणि निगेटिव्ह ते अर्थ, दोन्हीकडे साधारण ५५ दिसतात. एकीकडे ११० आणि दुसरीकडे शून्य म्हणजे एक अर्थ फॉल्ट बसलेला आहे. एकाने काही बिघडत नाही, म्हणून तो तसाच सोडला जातो. दुसरा कुठेतरी आला की मधला कॉन्टॅक्ट परस्पर ओलांडला जातो, आणि मग न दिलेले हुकूम पाळले जातात किंवा फ्यूज जाऊन दिलेला हुकूमही पोचत नाही.

या सगळ्या दोषांच्या तळाशी मला एकच गोष्ट दिसते. आणीबाणीत मदतीला येणारं यंत्र कुणाच्या ताटात जेवतं? स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये २५ जुलै २००६ रोजी ४०० केव्हीच्या यार्डात शॉर्ट सर्किट झालं. व्होल्टेज आधी कोसळलं आणि मग नेहमीच्या सुमारे १२० टक्क्यांपर्यंत उसळलं. त्या उसळीने चारपैकी दोन यूपीएस बंद पडले. चारही डिझेल जनरेटर सुरू झाले, पण त्यातले दोन बसवर आलेच नाहीत, कारण त्यांचा वेग मोजणारं सर्किट बंद पडलेल्या यूपीएसवर चालत होतं. वेग पुरेसा झाल्याची खबर मिळाली नाही, म्हणून ब्रेकर लागला नाही. इंजिनं पूर्ण वेगाने फिरत होती. सुमारे २२ मिनिटांनी ऑपरेटरांनी ती हाताने जोडली. या घटनेची नोंद अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर दुसऱ्या पातळीची झाली. विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की एकाही सुट्या भागात उत्पादनदोष असण्याची गरज नव्हती. जोडणीच तशी होती.

अशा जोडण्या शोधायला मीटर लागत नाही, ड्रॉइंग आणि एक दुपार लागते. सेट सुरू होण्यापासून तो आठ तास चालण्यापर्यंत ज्या ज्या वस्तूची मदत लागते, तिच्यापुढे तिचा सप्लाय लिहायचा. पीएलसीचा पॉवर सप्लाय, नेटवर्क स्विच, बॅटरी चार्जर, डे टँकचा (इंजिनाजवळच्या छोट्या इंधन टाकीचा) पंप, रेडिएटरच्या हवेचे मोटारवर चालणारे लूव्हर (झडपा), जनरेटर रूमचा पंखा. लूव्हर मेनवर असतील आणि वीज गेल्यावर स्प्रिंगने बंद होणारे असतील, तर सेट वीस मिनिटं झकास चालतो आणि मग तापून बंद पडतो. वीज नसेल तेव्हा स्प्रिंगने उघडणारे घ्यायला हवे होते, एवढंच. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर कोरडे होते, इंधन वर नेणारे पंप तळघरात बुडाले, आणि माणसांनी जिन्यावरून हातोहात डिझेल वर पोचवलं. मार्गाचाही हिशोब याच यादीत धरावा. १७ डिसेंबर २०१७ रोजी अटलांटा विमानतळ सुमारे अकरा तास अंधारात राहिला, कारण भूमिगत बोगद्यातल्या आगीने मुख्य आणि पर्यायी, दोन्ही केबल एकदमच गेल्या. तिथे चेंजओव्हरकडे वळण्यासारखी दुसरी बाजूच उरली नव्हती.

मोठ्या मोटारींच्या बसवर बदल करताना उलटा धोका असतो, ब्रेकर नको तेव्हा लागण्याचा. सप्लाय तुटला तरी फिरणाऱ्या मोटारी बसवर व्होल्टेज धरून ठेवतात, ते हळूहळू उतरतं आणि त्याची फेज नव्या सप्लायपासून सरकत जाते. बसवर ८० टक्के उरलेलं असताना नेमक्या उलट्या फेजला ब्रेकर लागला, तर मोटारीला १८० टक्के व्होल्टेजचा दणका बसतो. करंट त्या प्रमाणात आणि आतले ताण वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पूर्ण व्होल्टेजला सुरू करण्याच्या तिपटीहून जास्त. कपलिंग तुटतात, वाइंडिंगची टोकं सैल होतात, आणि हे त्याच दिवशी दिसेल असंही नाही. अमेरिकी मानक सी५०.४१ मध्ये बस आणि नवा सप्लाय यांच्यातल्या या फरकाला, प्रति हर्ट्झ व्होल्टेजच्या हिशोबात, नेहमीच्या १.३३ पटीची मर्यादा आहे. म्हणून एक तर फेज फारशी सरकण्याआधी, सेकंदाच्या दहाव्या भागात, बदल उरकायचा, किंवा फेज पुन्हा जुळण्याचा क्षण पकडायचा, किंवा व्होल्टेज २५-३० टक्क्यांखाली जाईपर्यंत थांबायचं. ‘बदल फार हळू होतो’ म्हणून हा शेवटचा थांबा काढून टाकणारा माणूस मोटार रिवाइंडिंगवाल्याचा मित्र असावा.

बदल झाला, पण सेट लोडखाली बसला, असंही होतं. तेव्हा लोड कसा आला ते बघावं. ट्रान्सफॉर्मर चार्ज होताना रेटेड करंटच्या आठ-बारा पट करंट क्षणभर घेऊ शकतो, त्यामुळे ते एकामागून एक यायला हवेत. यूपीएसचा चार्जर पहिल्या दहा-तीस सेकंदांत हळूहळू लोड घेईल असं सेटिंग हवं आणि जनरेटरवर असताना बॅटरी चार्जिंगचा करंट कमी ठेवायला हवा. आणि पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर. ते जनरेटरवर जोडलेले राहिले आणि लोड हलका असला, की पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, अल्टरनेटरचा रेग्युलेटर एक्सायटेशन (चुंबकाला दिलेला करंट) कमी करत करत तळाला पोचतो, व्होल्टेज तरीही चढत जातं आणि सेट ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. लोड कमी असताना सेट ट्रिप का होतो, हे कोडं अनेकांना छळतं. जनरेटरचा ब्रेकर लागला की कपॅसिटर बँक बाहेर, एवढ्या एका इंटरलॉकने ते सुटतं.

न्यूट्रलबद्दल थोडक्यात. जनरेटरचा न्यूट्रल स्वतंत्र अर्थ केलेला असेल आणि चेंजओव्हर तीन पोलचा, म्हणजे न्यूट्रल न तोडणारा, असेल, तर न्यूट्रल दोन ठिकाणी अर्थ होतो. त्याचा करंट वाट फुटेल तसा अर्थमधून फिरतो आणि अर्थ फॉल्ट रिले विनाकारण उडतो किंवा खरा फॉल्ट त्याला दिसत नाही. तिथे चार पोल हवेत, आणि न्यूट्रलचा पोल इतरांच्या आधी लागणारा व शेवटी सुटणारा हवा.

परतीच्या बदलाला कुणी विचारत नाही. मेन आल्यावर पाच ते तीस मिनिटं थांबून लोड परत जातो आणि सेट रिकामा पाच मिनिटं चालून थंड होतो. जिथे दोन्ही सप्लाय क्षणभर एकत्र करून, झटका न देता बदल करायचा असतो, तिथे नेहमीच्या मर्यादा ५ टक्के व्होल्टेज, ०.२ हर्ट्झ आणि ५ अंश अशा असतात. यंत्र स्वतः फेज जुळवत नाही, जुळण्याची वाट पाहतं. गव्हर्नर इतका नेमका असला की फ्रिक्वेन्सीत फरकच नाही, तर फेजचं अंतर आहे तिथेच थिजतं आणि यंत्र ‘जुळत नाही’ म्हणत बसतं. सेटची फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झने सरकवली की दर दहा सेकंदांनी दोन्ही एकदा समोरासमोर येतात. अतिशय चांगल्या यंत्रामुळे येणारा हा एकमेव दोष मला ठाऊक आहे.

दुरुस्तीनंतरची चाचणी टेस्टच्या बटणाने करू नये. ते बटण कंट्रोलरला फक्त ‘मेन गेला असं समज’ एवढं सांगतं. मेन तर तिथेच असतो, चार्जर, लूव्हर, पंप, स्प्रिंगच्या मोटारी सगळे त्यावर मजेत चालू असतात. वरचा ब्रेकर खरोखर उघडावा, लोडवाल्यांना आधी सांगून, एक माणूस मॅन्युअल बदलासाठी पॅनलसमोर उभा ठेवून. सेटवर रेटेड क्षमतेच्या किमान ३० टक्के लोड यावा आणि निदान अर्धा तास चालावा, त्याआधी तापण्याचे दोष दिसत नाहीत. मग मेन द्यावा, दोन मिनिटांत पुन्हा काढावा, म्हणजे दुसऱ्या बदलाचीही परीक्षा होते. रिले, पीएलसी आणि इंजिनच्या कंट्रोलरची घड्याळं आधी जुळवून घ्यावीत, नाहीतर तीन नोंदवह्या तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. मेन गेल्यापासून क्रँक, मान्यता, मेन उघडल्याची पोच आणि ब्रेकर लागणं, ही चार अंतरं सेकंदात लिहून ठेवावीत. पुढच्या वर्षी पोचेला ०.१ ऐवजी ०.४ सेकंद लागले, तर तो कॉन्टॅक्ट बंद पडायच्या आधीच बदलता येतो. आणि निघण्यापूर्वी टर्मिनल ब्लॉकवर राहिलेले जम्पर मोजावेत, टेस्ट पोझिशनचे ब्रेकर सर्व्हिसला आलेत का बघावं, आणि चाचणी लवकर उरकावी म्हणून शून्यावर आणलेला परतीचा टायमर पुन्हा आपल्या जागी न्यावा.